डाव्या मांडीचं माप

मी कपडे शिवत नाही, बेतते. हा फरक बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही, तरी सांगायचा कंटाळा मला अजून आलेला नाही. शिवणारीची चूक उसवता येते. बेतणारीची चूक उसवायला टाकाच नसतो, एकदा कातर फिरली की फिरली. आमच्या कारखान्यात लहान मुलांचे कपडे होतात, नवजात ते पाच वर्षं, आणि लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर पसरून त्यावर खडूनं आखणी करायचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे मूल समोर आलं की मला त्याचा चेहरा नंतर दिसतो, आधी माप दिसतं. सासूबाई तर चारचौघांत सांगतात, "हिनं माझ्या मुलाला पसंत केलं ते खांदे सरळ आहेत म्हणून." ते अगदीच खोटं नाही.

छत्तिसाव्या वर्षी मला मुलगी झाली. इतकी लहान की आमच्या कारखान्यातल्या सर्वांत लहान झबल्यातही ती दोनदा मावली असती, म्हणून सासूबाईंनी तिचं नाव टिकली ठेवलं आणि तेच चिकटलं. ती पोटात आडवी होती, त्यामुळे ऑपरेशन आधीपासून ठरलेलंच होतं. भुलीच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या आणि बोलक्या होत्या. मला टेबलाच्या कडेला बसवून, कवटाळायला एक उशी देऊन त्या म्हणाल्या, "पाठ गोल कर, मांजरासारखी, आणि अजिबात हलू नकोस." सुई तीन वेळा चुकली. चौथ्या वेळी डाव्या पायातून लख्खकन काहीतरी गेलं, माझ्या तोंडून किंकाळी निघाली, आणि मग कमरेखालचं शरीर हळूहळू माझं उरलं नाही.

पडद्यापलीकडे ओढाताण चालली होती, ती कळत होती पण दुखत नव्हती. टिकलीचं रडणं ऐकलं तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यानंतर टाके घालणं चालू असताना मी उशाशी उभ्या असलेल्या नर्सला म्हटलं, "माझ्या डाव्या पायावर कुणीतरी बसलंय. त्यांना जरा उठायला सांगा ना." नर्स हसली. म्हणाली, "भूल उतरली की उठतील."

भूल उतरली. उजवा पाय तासाभरात परत आला, डावा दुसऱ्या दिवशी आला, पण पूर्ण आला नाही. मांडीवर वरच्या बाजूला एक जागा तशीच बधिर राहिली, जशी कुणाला फार वेळ मांडीवर घेऊन बसल्यावर राहते, आणि कमरेत सुई टोचली होती नेमकी तिथे एक ठणका सुरू झाला. "होतं असं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठ-पंधरा दिवसांत जाईल." पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या सहा आठवडे. सहा आठवड्यांनी त्यांनी मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं, त्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे आणि त्यांनी नसांच्या डॉक्टरांकडे. कमरेचा एमआरआय झाला, तो पाहून नसांचे डॉक्टर "सुंदर!" म्हणाले. मला त्या सुंदर कमरेनं धड बसता येत नव्हतं, उभं राहता येत नव्हतं, आणि मोजा घालायला वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

त्या डॉक्टरांनी कापसाचा बोळा माझ्या मांडीवरून फिरवला. जिथे स्पर्श कळेनासा होई तिथे ते पेनानं टिंब काढत होते. टिंबं जोडून झाल्यावर ते बराच वेळ भिंतीवरच्या तक्त्याकडे आणि माझ्या मांडीकडे आळीपाळीनं बघत राहिले. "नस दुखावली तर बधिरपणा एका पट्ट्यात उतरतो," ते म्हणाले, "हा कुठल्याच पट्ट्यात बसत नाही." मग, मी काय काम करते हे विचारून घेऊन, त्यांनी मलाच कामाला लावलं: दर रविवारी घरी ही हद्द आखायची, मांडीवर पातळ कागद गुंडाळून ती उतरवून घ्यायची आणि तारीख घालून ठेवायची. कमी होते की वाढते ते बघू. हे मात्र मला आवडलं, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला जमेल असं काहीतरी सांगितलं होतं.

खरी गोष्ट ही की दुखण्यापेक्षा मला दुसरंच काहीतरी खात होतं. टिकलीला मांडीवर घेता येत नव्हतं. डाव्या मांडीवर ठेवली की ती टिकायचीच नाही. जागाच नसल्यासारखी घसरून उजवीकडे यायची, अंग ताठ करायची आणि रडायची. मी तिला कुशीवर झोपून पाजत होते. तिचं वजन वाढत नव्हतं. आणि चौथ्या महिन्यात एका दुपारी, तिला घेऊन जिना उतरत असताना तिसऱ्या पायरीवर माझा डावा गुडघा दुमडला. टिकली हातातून सुटली. खालून वर येणाऱ्या नवऱ्यानं तिला वरच्या वर झेललं म्हणून, नाहीतर पुढचं मी लिहूही शकले नसते.

कुणी मला बोललं नाही. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, चढत्या आवाजात बोलणं त्याला फक्त वर्गात जमतं. तो एवढंच म्हणाला, "काही दिवस तू तिला उचलू नकोस. आई आहे ना." सासूबाईंनीही नजर चुकवत मान हलवली. त्या दिवसापासून टिकली मला द्यायची म्हणजे आधी मला पलंगावर आडवं व्हायला लागायचं, मग कुणीतरी तिला आणून माझ्याशेजारी ठेवायचं आणि उचलून न्यायला समोर उभं राहायचं. ती रडली की आजीकडे हात पसरायला लागली. माझ्या पोटची पोर, आणि मी तिची पाहुणी. एकदा स्नानघरात नळ सोडून मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं, आणि ते दुखलं याचं मला बरं वाटलं, कारण ते दुखणं माझ्या इच्छेनं आलं होतं.

पाचव्या महिन्यात मी अर्ध्या वेळेसाठी कामावर गेले. कारखान्यात उभं राहून काम असतं आणि उभं राहणं त्यातल्या त्यात सोसायचं. आखणीचे खाकी कागद एका खिळ्याला टांगलेले असतात. हात वर करायचा, हवा तो काढायचा, कापडावर ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा आणि बाहेरून अर्धा इंच माया सोडून दुसरी रेघ मारायची. शिलाईत दबणारं ते जास्तीचं कापड, त्याला माया म्हणतात. अकरा वर्षांत हे इतकं अंगात मुरलंय की मी ते करते हे मलाही कळत नाही. डॉक्टरांकडून परस्पर कामावर यायची म्हणून रविवारच्या कागदांची गुंडाळी माझ्या पिशवीत असायची. सहावा महिना सरत आला तेव्हा एक दिवस दुखणं इतकं चढलं होतं की खडू दिसत नव्हता. मी कधी पिशवीत हात घातला, कधी त्यातला सगळ्यांत अलीकडचा कागद कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर ठेवला, माया सोडली आणि कातर चालवली, काही आठवत नाही.

संध्याकाळी काजेवाली माझ्याकडे आली. ही आमच्याकडे काजं-बटणं करते, तोंडानं फटकळ आहे पण हाताची फार नेटकी. तिच्या हातात पिवळ्या कापडाची एक छोटी विजार होती.

"ताई, हे माप तुमच्या तक्त्यात आहे का हो? एकच नग आला. मी आपली शिवून टाकली."

मी म्हटलं, "मी विजार बेतलीच नाही आज."

"मग काय मी बेतली? खडू तुमचाच आहे. आणि कापलीय पण काय सुरेख, मधे बूड आणि दोन्हीकडे पाय फाकलेले. घोड्यावर बसवायचंय का कुणाला?" ती हसली, विजार माझ्या हातावर टाकून गेली.

मी टेबलापाशी उभी राहून पिशवीतले सगळे कागद काढले आणि तारखेप्रमाणे एकाखाली एक लावले. डॉक्टरांना त्यात डाग दिसला होता, मलाही इतके दिवस डागच दिसला होता. मी तो आजारी बाईच्या नजरेनं बघत होते. आता कामाच्या नजरेनं बघितल्यावर ती विजारच होती. मांडीच्या वरच्या बाजूला बूड, आतून एक पाय, बाहेरून एक पाय. मी टेप घेतली. पहिला कागद दोन महिन्यांच्या मुलाचा होता. पुढचे आठवड्यागणिक वाढत गेलेले होते, आणि कुठे उगाच फुगलेले नव्हते; पाय जेवढे वाढायला हवेत तेवढे वाढले होते, बूड जेवढं भरायला हवं तेवढं भरलं होतं. शेवटचा कागद सहा महिन्यांच्या धडधाकट बाळाचा होता. टिकली तेव्हा सहा महिन्यांची होती आणि तिला तीन महिन्यांचे कपडे ढगळ होत होते.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? रविवारी दुपारी नवरा आणि सासूबाई टिकलीला घेऊन बागेत गेले. मी खिडकीपाशी वेताच्या खुर्चीवर बसले आणि ती पिवळी विजार डाव्या मांडीवर पसरली. एक पाय आत, एक पाय बाहेर. कुठे सुरकुती पडली नाही, कुठे कमी पडली नाही. चांगल्या बेतलेल्या कपड्याला माणूस आत गेल्यावर जो गोलावा येतो तो तिला माझ्या डोळ्यांदेखत आला.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. सहा महिने माझी पोर परक्यासारखी माझ्याशेजारी ठेवली जात होती, आणि हे इथे, तिच्या जागेवर, खाऊन-पिऊन बाळसं धरत होतं. मी रडत रडत मोठ्यानं म्हणाले, "ऊठ. खूप झालं आता. तुला कपडा मिळाला ना? ऊठ आणि जा. माझ्या मुलीची जागा आहे ती, ऊठ!"

विजार मांडीवरून घसरली आणि खुर्चीच्या पायाशी पडली. मग मांडीला मुंग्या आल्या, हजारो, आणि त्या मुंग्यांखालून हळूहळू अंगावरच्या कापडाचा पोत लागायला लागला, एकेक धागा वेगळा. कमरेतला ठणका थांबला तेव्हा मला आधी काय झालं तेच कळेना. मी उभी राहिले, वाकले, परत उभी राहिले. बागेतून मंडळी आली तेव्हा मी दारात होते, आणि कुणी काही म्हणायच्या आत मी टिकलीला आजीच्या हातातून उचलून घेतलं. नवरा धावला. मी म्हटलं, "थांब. मला काही होत नाहीये." डाव्या मांडीवर तिला घेऊन मी तासभर बसले. तिची टाच माझ्या मांडीवर लागत होती, ते मला कळत होतं. सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन रडून आल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आता माझी नोकरी गेली म्हणायची!"

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मी तिला मांडीवर घेऊन पाजलं, कडेवर घेऊन दुकानात नेलं, जिना उतरताना मुद्दाम मोजून सगळ्या पायऱ्या उतरले. नसांच्या डॉक्टरांनी मांडीवर कापूस फिरवला आणि "बघा, मी म्हटलं नव्हतं, वेळ हेच औषध!" असं म्हणून टाकलं. असं ते कधीच म्हणाले नव्हते, पण मी मोठ्या मनानं सोडून दिलं. पिवळी विजार मी धुऊन टिकलीच्या कपड्यांखाली कपाटात ठेवली. टाकून द्यावी असं मनात आलं होतं; पण माझ्या हातून कधी कापड टाकवलं नाही.

महिन्याभरानं सासूबाई धुण्याच्या टोपलीतून ती काढून म्हणाल्या, "अगं, ही टिकलीला घालू नकोस, पायात येईल तिच्या. आणि एवढी मळवलीन् कुठे?" गुडघ्यांवर दोन काळे गोल होते, फरशीवर घासून पडतात तसे. टिकली तेव्हा रांगत नव्हती. बसवलं तिथे बसायची.

"माझ्याकडूनच पडली असेल," मी म्हणाले. टोपलीत ती मी टाकली नव्हती.

मी त्या दिवसापासून टिकलीकडे बघायला लागले. सतरंजीवर बसली की ती आपल्या डाव्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर बघायची. आधी हसायची. मग हसेनाशी झाली. हातातलं खेळणं ती बाजूला धरायची आणि ते पडायचं, पण सरळ खाली पडायचं नाही, थोडं पलीकडे जाऊन पडायचं. आठव्या महिन्यात ती एका अंगावर कलून बसायला लागली. डावा पाय ती ओढून घेत नव्हती, हलवत नव्हती. जिथे ठेवला तिथे तो राहायचा. नवरा म्हणाला, "आळशी आहे, बापावर गेलीय." सासूबाई म्हणाल्या, सगळी मुलं वेगवेगळी असतात. मीही तेच म्हणत राहिले, दिवसातून दहा वेळा, स्वतःशीच. माझी कमर दुखत नव्हती. माझी मांडी शाबूत होती. आणि ते सुख मला इतकं हवं होतं की मी डोळे असून आंधळी झाले होते.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर लस टोचायला आम्ही तिला दवाखान्यात नेलं. सकाळची वेळ होती, बाकांवर दहा-बारा बाया आपापली मुलं घेऊन बसल्या होत्या आणि आतून दर दोन मिनिटांनी एक किंकाळी येत होती. आमची पाळी आली. सासूबाईंनी टिकलीला मांडीवर धरलं, मी तिचे हात धरले. नर्सनं डावी मांडी पुसली आणि सुई खुपसली.

टिकली रडली नाही. दचकलीसुद्धा नाही. सुई आत होती आणि ती नर्सच्या खिशातल्या पेनाकडे बघत होती.

"अगं बाई, काय गुणाचं बाळ!" नर्स म्हणाली. "सकाळपासून पहिलंच. बघा हो सगळ्यांनी!" बाहेरच्या बाया कौतुकानं डोकावल्या. सासूबाईंची छाती अभिमानानं फुगली.

मी टिकलीच्या मांडीवर हात ठेवला. ती गार होती. अंगठ्यानं दाबलं, मग नखानं दाबलं, मग इतकं दाबलं की नखाची खूण उठली, आणि ती माझ्याकडे बघून शांतपणे डोळे मिचकावत राहिली. मी बोटानं हद्द शोधली. मला कागद लागला नाही, टेप लागली नाही. तिची मांडी ती केवढी, माझ्या चार बोटांएवढी. त्या बुडाला ती पुरत नव्हती, दोन्ही बाजूंनी ते तिच्यावरून खाली उतरलं होतं.

"आई, हिला घ्या. खांद्यावर घ्या आणि तिकडे दारापाशी उभ्या राहा," मी म्हणाले.

"काय झालं गं? पांढरीफटक पडलीस."

"घ्या ना आई."

त्या टिकलीला घेऊन दाराकडे गेल्या. मी भिंतीकडेच्या रिकाम्या बाकावर बसले, पाय जुळवले, कपडे नीट सारखे केले. मांडीवर काही नव्हतं. मी डाव्या मांडीवर हळूच थोपटलं आणि जमिनीपासून हातभर उंचीवर बघत, टिकलीशीसुद्धा कधी बोलले नाही इतक्या गोड आवाजात म्हणाले, "ये. ये रे सोन्या. चुकलं माझं. इकडे ये, माझ्याकडे बस."

नर्स ट्रे पुसता पुसता थांबली. "बाळ आजीकडे आहे की हो. बोलावताय कुणाला?"

मी थोपटत राहिले. थोड्या वेळानं मांडीवर काहीतरी टेकलं, चाचपल्यासारखं, आणि मग सगळं वजन टाकून बसलं. ते केवढं तरी वाढलं होतं. पाठीत ठणका उठला, पहिल्यापेक्षा जबर, आणि मी दोन्ही हातांनी बाकाची कड धरून दात आवळले. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आणि तिकडे दारापाशी, आजीच्या खांद्यावर, सुई टोचून पाच मिनिटं होऊन गेल्यावर टिकली कळवळून रडायला लागली.